विद्युत मोटरीवरील भाराचे स्वरूप आणि वारंवारता परिवर्तकाची निवड व देखभाल

गोषवारा
तीन फेजच्या प्रवर्तन मोटरीचा वेग कमी-अधिक करण्यासाठी वारंवारता परिवर्तक आज कारखान्यांपासून शेतीपर्यंत सर्वत्र वापरला जातो. व्यवहारात त्यास 'व्हीएफडी' किंवा नुसते 'ड्राइव्ह' म्हणतात. त्याची निवड बहुधा मोटरीच्या अश्वशक्तीवरून केली जाते. प्रस्तुत लेखात ही पद्धत अपुरी का आहे, भाराच्या स्वभावानुसार निवड कशी करावी आणि निवडीतील चूक पुढे देखभालीचा प्रश्न होऊन कशी समोर येते, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवर्तन मोटर, वारंवारता परिवर्तक, टॉर्क, भार, हार्मोनिक, देखभाल

प्रस्तावना
साखर कारखान्यातील ऊस गाळणारी मिल, उपसा सिंचन योजनेचा पंप, बहुमजली इमारतीची लिफ्ट आणि यंत्रशाळेतील लेथ या चारही ठिकाणी एकाच अश्वशक्तीची मोटर बसविलेली असू शकते. मोटरीच्या नामपट्टीवरील आकडेही जवळजवळ तेच असतील. परंतु त्यांना वेगनियंत्रणासाठी परिवर्तक जोडावयाचा झाल्यास चारही ठिकाणी एकच परिवर्तक चालेल, असे मानणे धोक्याचे आहे. परिवर्तकावर पडणारा ताण मोटरीच्या आकारापेक्षा तिच्या मागे जोडलेल्या यंत्राच्या स्वभावावरून ठरतो.

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात मोटर 'विद्युत यंत्रे' या विषयात, परिवर्तक 'शक्ति-इलेक्ट्रॉनिकी' या विषयात आणि पंप व पंखे यंत्र अभियांत्रिकीच्या 'द्रव यांत्रिकी' या विषयात शिकविले जातात. या तिन्हींचा सांधा जेथे जुळतो ती निवडीची बाब मात्र कोणत्याच विषयाच्या वाट्याला पुरेशी येत नाही. परिणामी खरेदीच्या वेळी 'मोटर वीस अश्वशक्तीची, म्हणून ड्राइव्हही वीस अश्वशक्तीचा' एवढाच हिशेब होतो. पाणीपुरवठा, वातानुकूलन वा प्रयोगशाळा यांसाठी महाविद्यालयेही अशी उपकरणे विकत घेतात. खरेदी समितीवरील प्राध्यापक कोणत्याही विद्याशाखेचे असोत, पुरवठादाराला कोणते प्रश्न विचारावेत हे त्यांस ठाऊक असणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

परिवर्तकाचे कार्य
प्रवर्तन मोटरीतील फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा दर मिनिटाचा वेग म्हणजे वारंवारतेस १२० ने गुणून ध्रुवांच्या संख्येने भागल्यावर येणारी संख्या होय. ५० हर्ट्झ वारंवारतेवर चार ध्रुवांच्या मोटरीत हा वेग १५०० फेरे येतो आणि स्लिपमुळे मोटर प्रत्यक्षात १४४० च्या आसपास फिरते. ध्रुवांची संख्या सहज बदलता येत नाही. म्हणून वेग बदलावयाचा तर वारंवारता बदलणे हाच सरळ मार्ग उरतो.

परिवर्तक हे काम तीन टप्प्यांत करतो. प्रथम रेक्टिफायर ४१५ व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो. ही सुमारे ५६० ते ५९० व्होल्टची एकदिश वीज कपॅसिटरच्या संचात साठविली जाते. या मधल्या भागास 'डीसी बस' म्हणतात. अखेरीस आयजीबीटी नावाचे अर्धसंवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तीच वीज हव्या त्या वारंवारतेच्या तीन फेजच्या रूपात मोटरीला देतात. वारंवारता घटविताना विद्युतदाबही त्याच प्रमाणात घटवावा लागतो. अन्यथा मोटरीचा लोहगाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊन ती तापते. ४१५ व्होल्ट व ५० हर्ट्झ यांचे गुणोत्तर ८.३ आहे, म्हणून २५ हर्ट्झवर सुमारे २०७ व्होल्ट द्यावयाचे. हे साधे नियंत्रण पंप व पंख्यांना पुरते. १९७० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत विकसित झालेल्या सदिश नियंत्रण पद्धतीत चुंबकीकरणाचा प्रवाह व टॉर्क देणारा प्रवाह वेगवेगळे हाताळले जातात. त्यामुळे अत्यल्प वेगालाही पूर्ण टॉर्क मिळू शकतो. लिफ्ट, क्रेन व मिल यांना हीच पद्धत लागते.

भाराचा स्वभाव
भाराचा स्वभाव म्हणजे वेग बदलला असता यंत्राला लागणारा टॉर्क कसा बदलतो, याचे उत्तर. अपकेंद्री पंप व पंखे यांत टॉर्क वेगाच्या वर्गाच्या आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्के केल्यास शक्ती ५१ टक्क्यांवर येते. या एका आकड्यावर परिवर्तकांची निम्मी विक्री होत असावी. बॉयलरच्या धूर ओढणाऱ्या पंख्याच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा आहे. पूर्वी मोटर पूर्ण वेगाने फिरवून पंख्यापुढील झडप अर्धवट मिटली जाई. झडपेऐवजी वेग कमी केल्याने होणारी विजेची बचत मोठी असते आणि परिवर्तकाची किंमत लवकर भरून निघते.

उपसा पंपाच्या बाबतीत मात्र हाच आकडा फसवितो. तेथे पंपाला पाणी नळातून ढकलण्यापूर्वी ठरावीक उंचीवर चढवावे लागते आणि ही उंची वेगाबरोबर कमी होत नाही. एक सोपे उदाहरण घेता येईल. नदीपासून ४० मीटर उंचीवरील टाकीत पाणी चढवावयाचे आहे. नळातील घर्षणापोटी आणखी १० मीटर धरावे लागतात. निवडलेला पंप पूर्ण वेगाला ५० मीटरवर ठरलेले पाणी देतो आणि झडप पूर्ण बंद असताना ६० मीटरपर्यंत दाब निर्माण करतो. या पंपाचा वेग १० टक्क्यांनी घटविला, तर गणिताने पाण्याचा ओघ सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. दर लिटरमागील ऊर्जेची बचत फार तर दहा-अकरा टक्के भरते आणि तीही पंपाची कार्यक्षमता टिकून राहिली तर. वेग ८२ टक्क्यांच्या खाली, म्हणजे वारंवारता सुमारे ४१ हर्ट्झच्या खाली गेली, की ६० मीटरचा दाब ४० मीटरवर येतो आणि टाकीत एक थेंबही पडत नाही. मोटर फिरते, वीज जळते, पंपातील तेच पाणी घुसळून तापते. अशा योजनेसाठी घनाच्या नियमावर आधारलेला बचतीचा तक्ता पुरवठादाराने पुढे केल्यास तो स्वीकारू नये. पंपाचा व नळाचा दाब-ओघ आलेख मागावा.

सौर कृषिपंपांच्या प्रसारामुळे या मुद्द्यास नवे महत्त्व आले आहे. २०१९ साली सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेनंतर असे पंप मोठ्या संख्येने बसविले गेले. त्यांपैकी प्रत्यावर्ती मोटरीच्या पंपांचा नियंत्रक हा मूलतः वारंवारता परिवर्तकच असतो. ऊन कमी झाले की तो वारंवारता उतरवितो. सकाळी व सायंकाळी मोटरीचा आवाज येतो पण पाणी येत नाही, ही तक्रार अनेकदा नियंत्रकाच्या बिघाडाची नसून वरील गणिताची असते. खोल विहिरीला कमी उंचीचा पंप बसविल्यास पाणी मिळण्याचे तास आणखी घटतात. कूपनलिकेतील पाणबुडी मोटरीची आणखी एक अट आहे. तिचे थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर तरंगते आणि हा थर पुरेसा वेग असल्याशिवाय तयार होत नाही. म्हणून अशी मोटर सामान्यतः ३० हर्ट्झच्या खाली चालवू नये आणि सुरू होताना एक-दोन सेकंदांत ही मर्यादा ओलांडली जाईल अशी मांडणी करावी.

दुसरा स्वभाव स्थिर टॉर्कचा. पट्टावाहक, दट्ट्याचा कॉम्प्रेसर, प्लॅस्टिकचा एक्स्ट्रूडर व उसाची मिल ही त्याची उदाहरणे. येथे वेग निम्मा केला तरी टॉर्क तेवढाच लागतो, म्हणजेच मोटरीचा प्रवाहही जवळजवळ तेवढाच राहतो. पण मोटरीच्या मागील टोकाचा पंखा निम्म्या वेगाने फिरतो. उष्णता तीच आणि वारा अपुरा, अशा स्थितीत मोटर जळते आणि दोष परिवर्तकाला दिला जातो. दीर्घकाळ कमी वेगाने चालणाऱ्या अशा मोटरीला स्वतंत्र मोटरीवर चालणारा थंडावा देणारा पंखा हवा.

महाराष्ट्रात सहवीजनिर्मितीस चालना मिळाल्यावर अनेक साखर कारखान्यांनी मिलवरील वाफेचे टर्बाइन काढून विद्युत मोटरी बसविल्या. मिलमध्ये ऊस अडकला आणि ती भरलेल्या अवस्थेत पुन्हा सुरू करावयाची झाली, तर नेहमीपेक्षा बराच अधिक टॉर्क काही काळ लागतो. परिवर्तकाच्या माहितीपत्रकात या दृष्टीने दोन वेगळ्या क्षमता दिलेल्या असतात. सामान्य वापराच्या क्षमतेत ११० टक्के प्रवाह एक मिनिट, तर जड वापराच्या क्षमतेत १५० टक्के प्रवाह एक मिनिट सोसण्याची हमी असते. एकच परिवर्तक पंख्यासाठी ७५ किलोवॉटचा आणि मिलसाठी ५५ किलोवॉटचा गणला जातो, असे बहुधा आढळते. निविदेत 'जड वापर' हे दोन शब्द राहून गेले, की सर्वांत कमी दराची निविदा सामान्य क्षमतेवर दिली जाते, नियमानुसार ती स्वीकारलीही जाते आणि ऐन गाळप हंगामात परिवर्तक वारंवार बंद पडू लागतो.

स्थिर शक्तीचा भार लेथच्या मुख्य दंडात वा कापड गुंडाळणाऱ्या यंत्रात आढळतो. येथे ५० हर्ट्झच्या वर जावे लागते. विद्युतदाब तेथे आणखी वाढू शकत नसल्याने टॉर्क वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. मोटरीची बेअरिंगे व रोटरचे संतुलन त्या वेगाला योग्य आहे की नाही, हे निर्मात्याकडून लेखी घ्यावे, एवढे येथे पुरे.

काही भार मोटरीलाच उलट फिरवू पाहतात. लिफ्टमध्ये प्रतिभार सामान्यतः निम्म्या प्रवासी-भाराइतका अधिक ठेवलेला असल्याने रिकामी लिफ्ट वर जाताना व भरलेली लिफ्ट खाली येताना मोटर जनित्र होते. साखरेचे दाणे मळीपासून वेगळे करणारे सेंट्रिफ्युगल यंत्र तासाला वीस-पंचवीस वेळा हजाराहून अधिक फेऱ्यांपर्यंत नेऊन पुन्हा थांबविले जाते. थांबविताना त्याची गतिज ऊर्जा परिवर्तकाच्या डीसी बसमध्ये परत येते. रेक्टिफायरमधून ती मागे जाऊ शकत नाही. कपॅसिटरवरील दाब चढतो आणि परिवर्तक स्वसंरक्षणासाठी बंद पडतो. क्वचित थांबणाऱ्या यंत्रासाठी ही ऊर्जा रोधकात जाळणे परवडते. सेंट्रिफ्युगलसारख्या यंत्रात मात्र ती विद्युतजालात परत पाठविणारा परिवर्तक घेणेच अंतिमतः स्वस्त पडते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २००७ पासून धावू लागलेल्या तीन फेज प्रणालीच्या गाड्या ब्रेक लावताना वीज तारेत परत सोडतात, त्यामागील तत्त्व हेच आहे.

अश्वशक्तीऐवजी अँपिअर
भाराचा स्वभाव निश्चित झाल्यावर परिवर्तकाचा आकार मोटरीच्या पूर्णभार प्रवाहावरून ठरवावा. ७.५ किलोवॉटची चार ध्रुवांची मोटर ४१५ व्होल्टवर साधारणतः १४ ते १५ अँपिअर घेते. त्याच शक्तीच्या आठ ध्रुवांच्या मोटरीचा शक्तिगुणक कमी असल्याने ती १७-१८ अँपिअर घेऊ शकते. पाणबुडी मोटरीही तेवढ्याच शक्तीच्या जमिनीवरील मोटरीपेक्षा अधिक प्रवाह घेतात. ग्रामीण भागात एक फेजच्या जोडणीवर तीन फेजची मोटर चालविण्यासाठी परिवर्तक वापरला जातो. तेथे सर्व शक्ती दोनच तारांतून आत येत असल्याने रेक्टिफायर व कपॅसिटर यांवरील ताण बराच वाढतो. अशा वापरासाठी मोटरीच्या सुमारे दुप्पट क्षमतेचा परिवर्तक घेण्याची प्रथा आहे.

परिवर्तकाची क्षमता बहुधा ४० अंश सेल्सिअस सभोवतालच्या तापमानासाठी लिहिलेली असते. त्यापुढे दर अंशाला सुमारे एक टक्का घट धरावी लागते. विदर्भातील उन्हाळ्यात सावलीतच पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद पॅनलच्या आत तापमान आणखी आठ-दहा अंशांनी अधिक असते, हे लक्षात घेता परदेशी तक्त्यावरून केलेली निवड येथे का टिकत नाही, हे स्पष्ट होते. समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर विरळ हवेमुळे दर १०० मीटरला साधारण एक टक्का घट होते; महाबळेश्वरसारख्या ठिकाणी ती मोजावी लागेल. कोकणातील खाऱ्या दमट हवेसाठी विद्युत्-पट्टिकांवर संरक्षक लेप असलेलाच परिवर्तक मागवावा.

मोटर, तार आणि कपॅसिटर
परिवर्तकातून बाहेर पडणारा दाब गुळगुळीत लहरीच्या रूपात नसतो. तो तीव्र चढ असलेल्या स्पंदांचा बनलेला असतो. परिवर्तक व मोटर यांतील तार लांब असल्यास ही स्पंदे मोटरीच्या टोकाशी परावर्तित होतात आणि तेथील दाब डीसी बसच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. पुन्हा वाइंडिंग केलेल्या जुन्या मोटरीचे विद्युतरोधन तो सोसेलच असे नाही. विहिरीपासून दूर पॅनल असलेल्या ठिकाणी परिवर्तकाच्या निर्गम बाजूस चोक किंवा फिल्टर बसविणे आवश्यक ठरते. याच स्पंदांमुळे मोठ्या मोटरींच्या दंडातून बेअरिंगमार्गे सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि बेअरिंगच्या पृष्ठभागावर खाचा पडतात. एका टोकाला विद्युतरोधित बेअरिंग वा दंडाला अर्थिंगचा ब्रश हा त्यावरील उपाय आहे.

शक्तिगुणक सुधारण्यासाठी मोटरीला कपॅसिटर जोडण्याची सवय आपल्याकडे जुनी व चांगली आहे. परिवर्तक बसविताना मात्र मोटरीच्या टोकाचा हा कपॅसिटर काढलाच पाहिजे. तो राहिल्यास प्रत्येक स्पंदाला त्यात प्रचंड प्रवाह शिरतो आणि आयजीबीटी फुटतात. नवा परिवर्तक पहिल्याच दिवशी जळण्याच्या कारणांत हे कारण शोधण्यासारखे आहे. पुरवठ्याच्या बाजूच्या कपॅसिटर पॅनलचा प्रश्न वेगळा आहे. सहा डायोडांचा रेक्टिफायर २५०, ३५०, ५५० हर्ट्झ असे हार्मोनिक प्रवाह जालात सोडतो. कपॅसिटर आणि रोहित्र यांचा अनुनाद या वारंवारतांजवळ आल्यास कपॅसिटर तापून फुगतात. परिवर्तकाला तीन ते पाच टक्क्यांचा चोक आणि कपॅसिटर पॅनलला योग्य मूल्याचे रिॲक्टर असा दुहेरी उपाय योजावा.

देखभाल
परिवर्तकात फिरणारा भाग म्हणजे बहुधा केवळ थंडावा देणारा पंखा असतो. त्यामुळे त्यास देखभाल लागत नाही, असा समज पसरला आहे. वस्तुतः उष्णता, धूळ व ओलावा हे तीन शत्रू त्यास सतत घेरून असतात. इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या केंद्रात कापसाची पेज, साखर कारखान्यात बगॅसची बारीक भुकटी, गिरणीत पीठ उष्णताशोषकाच्या पात्यांत बसते आणि वारा अडतो. पावसाळ्यात याच थराला ओल धरते. पॅनलच्या तळातील तारेची मोकळी भोके बंद करणे हे क्षुल्लक वाटणारे काम टाळू नये. उबेसाठी आत शिरलेली पाल किंवा उंदीर लाखोंचे उपकरण क्षणात निकामी करतो.

पंखा तीन ते पाच वर्षांनी, आवाजाची वाट न पाहता बदलावा. डीसी बसचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तापमानाला फार हळवे असतात; तापमान दहा अंशांनी उतरविल्यास त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. स्वच्छ गाळणी म्हणजे कपॅसिटरचे वाढलेले आयुष्य, असा हा थेट संबंध आहे. तापण्या-निवण्यामुळे जोडणीचे स्क्रू सैल होतात. ते ठरावीक काळाने तपासावेत. मोटरीचे विद्युतरोधन मेगरने मोजताना तारा परिवर्तकापासून सोडविल्याखेरीज मेगर लावू नये, नाही तर मेगरचा दाब आयजीबीटीवरच पडतो. निर्गम दाब साध्या मल्टिमीटरने मोजल्यास येणारा आकडा विश्वसनीय नसतो.

परिवर्तक बंद पडताना दाखविलेला सांकेतिक दोष पुसण्यापूर्वी लिहून ठेवावा. थांबतानाचा अतिदाब हा अवतरणकाल फार कमी ठेवल्याचा वा रोधक तुटल्याचा संकेत आहे. सुरू होतानाचा अतिप्रवाह भार अडकल्याचा किंवा आरोहणकाल अपुरा असल्याचा असतो. दोष न शोधता 'रीसेट' दाबत राहणे किंवा आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बेधडक चालू ठेवणे हे पट्टावाहकाजवळ काम करणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळणे आहे. मुख्य स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब काही मिनिटे टिकतो. निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबावे आणि त्यानंतरही डीसी बसवरील दाब योग्य क्षमतेच्या मीटरने मोजूनच हात घालावा. दर्शक दिवा विझला हा पुरावा धरू नये. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना ही एक सवय लावणे वारंवारतेचे सूत्र पाठ करून घेण्याहून अधिक मोलाचे आहे.

हंगामी उद्योगांचा प्रश्न निराळा आहे. साखर कारखाना साधारणतः उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत बंद असतो आणि परिवर्तकांची नेमकी हीच वाईट वेळ असते, कारण चालू उपकरणाची स्वतःची ऊब ओलावा दूर ठेवते. पॅनलमध्ये लहान उष्णक चालू ठेवणे किंवा महिन्यातून एकदा परिवर्तक विनाभार काही तास विजेवर ठेवणे हे दोन्ही उपाय अल्पखर्चाचे आहेत. भांडारातील राखीव परिवर्तकाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. वर्षाहून अधिक काळ विजेविना राहिलेल्या कपॅसिटरमधील ऑक्साइडचा थर क्षीण होतो. अशा परिवर्तकाला एकदम ४१५ व्होल्ट दिल्यास गळतीचा प्रवाह वाढून तो फुटू शकतो. त्यास निर्मात्याच्या सूचनेनुसार, दाब टप्प्याटप्प्याने चढवीत काही तास पुनर्जीवित करावे लागते. यासाठी राखीव परिवर्तकाच्या खोक्यावर शेवटी वीज दिल्याची तारीख ठळक लिहावी आणि ती साठानोंदवहीतही उतरवावी.